मदत मागणारे चित्र

छत्रपती संभाजीनगर शहरातून छावणी ओलांडून पश्चिमेकडे निघाले की पडेगाव लागते. तीच सडक पुढे मिटमिट्यावरून दौलताबादच्या किल्ल्याकडे व तेथून वेरूळच्या लेण्यांकडे जाते. एके काळचे हे खेडे आज शहराचाच भाग झाले असून सडकेवर वाहनांची सारखी वर्दळ असते. सायकलवरून शाळेस जाणारी मुले, बाजाराला निघालेल्या बाया, लेणी पाहावयास चाललेले प्रवासी, सर्वांनाच घाई. अशा सडकेच्या कडेला तुम्ही एक कागद लावला आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्यांनी वाचावा अशी इच्छा धरली, तर तुम्हांला त्यांचा किती वेळ मिळेल? फार तर दोन-तीन क्षण. तेवढ्या अवधीत ज्याला आपले म्हणणे लोकांच्या मनात उतरवावयाचे असते, त्या कागदाला आपण पोस्टर म्हणतो. मराठीत त्याला भित्तिपत्रक असे नाव आहे.

ज्या विद्येत अशी पत्रके, जाहिराती, पुस्तकांची वेष्टने इत्यादी करावयास शिकवतात, तिला पूर्वी व्यावहारिक कला म्हणत. आता उपयोजित कला म्हणतात. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली तिचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि १९६१ साली त्या विभागाची निराळी संस्था झाली. परंतु तिचे पहिले धडे गिरवावयास मुंबईला जाण्याची गरज नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुले संकल्पचित्र व अक्षरलेखन हे विषय शिकतच असतात. प्रश्न एवढाच की, ही शिदोरी घेऊन आपण कोणाच्या उपयोगी पडणार.

समजा, पावसाळ्यात एखाद्या नदीला मोठा पूर आला आणि काठच्या एका गावातील शाळेची पुस्तके, वह्या, दप्तरे सारी वाहून गेली. ही वार्ता ऐकून पडेगावच्या एका शाळेतील मुलांनी ठरविले की, यंदाच्या आनंदनगरीचे सारे उत्पन्न त्या शाळेला द्यावयाचे. आनंदनगरी तुम्हांला माहीतच आहे. मुले घरून भेळ, वडे, इडल्या, लिंबाचे सरबत असे पदार्थ करून आणतात, शाळेच्या अंगणात दुकाने मांडतात आणि आईवडील व शेजारीपाजारी ते विकत घेतात. मेळा उत्तम व्हावयाचा तर तो गावाला कळला पाहिजे. ते काम सातवीच्या चार मुलांकडे आले. त्यांनी काय करावे?

रंगाची पेटी उघडण्यापूर्वी त्यांनी पेन्सिल हाती घेऊन उत्तरे लिहावीत. काय आहे? कोठे आहे? कोणत्या दिवशी, किती वाजता? पैसा कशासाठी जमवावयाचा आहे, आणि तो कोणाच्या हाती पडणार? या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर पत्रकावर नसेल, तर वाचणारा मनात म्हणतो, 'पाहू पुढे,' आणि पुढे निघून जातो. यांतही शेवटचे दोन प्रश्न मुले हटकून विसरतात. 'पूरग्रस्तांना मदत करा' एवढेच लिहून त्यांना वाटते की सारे आले. वास्तविक काहीच आले नाही. कोणते पूरग्रस्त? मदत कसली? आपत्तीच्या जागी जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडतात आणि पिण्याच्या पाण्याची भांडी मात्र कोणी पाठवीत नाही, असे अनेकदा घडते. यात देणाऱ्यांचा दोष थोडा, मागणाऱ्यांच्या मोघमपणाचा अधिक. 'एका मुलाच्या वह्या-पुस्तकांचा संच' असे स्पष्ट लिहा आणि त्याची किंमत लिहा, म्हणजे देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपण काय देत आहोत ते उभे राहते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका ध्येयवादी गृहस्थांनी स्वदेशी उद्योगांसाठी भांडवल जमविण्याची कल्पना काढली. तिचे सारे बळ तिच्या नावातच होते: पैसा फंड. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढेच मागणे. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. एक पैसा गरिबालाही जड नव्हता आणि मागणे कोणालाही समजावून सांगावे लागत नव्हते. लोकमान्य टिळकांनी या योजनेचा पुरस्कार केला आणि जमलेल्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. दोन शब्दांचे ते नाव एखाद्या उत्तम भित्तिपत्रकासारखेच होते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता अक्षरांकडे वळू. येथे थोडे थांबावयास हवे, कारण बहुतेक भित्तिपत्रके चित्राने बिघडत नाहीत, अक्षरांनी बिघडतात. नवशिका मुलगा पट्टीने दोन रेघा आखतो आणि इंग्रजी अक्षरांप्रमाणे मराठी अक्षरे त्या दोन रेघांत बसवू पाहतो. मग 'निधी'ची वेलांटी वरच्या रेघेला धडकते, 'पुस्तके'चा उकार खालच्या ओळीत घुसतो आणि मात्रा कोठे द्यावी हे न समजून ती कशीबशी दडपली जाते. आपल्या लिपीत अक्षराचे अंग शिरोरेषेखाली असते, परंतु वेलांट्या, मात्रा, अनुस्वार व रफार शिरोरेषेच्या वर आणि उकार व ऋकार पायाशी राहतात. म्हणून ओळीच्या उंचीचे पाच सारखे भाग करा. वरचा एक भाग मात्रा-वेलांट्यांसाठी राखा, मधले तीन भाग अक्षराच्या अंगासाठी आणि खालचा एक उकारांसाठी. म्हणजे सहा रेघांऐवजी चारच ठळक रेघा आखाव्या लागतील आणि शिरोरेषा सर्वत्र एका सरळीत येईल.

दुसरी गोष्ट अक्षरांमधील अंतराची. 'र' अरुंद, 'अ' आणि 'क्ष' रुंद. पट्टीने मोजून प्रत्येकाला सारखी जागा दिली, तर 'र' मोकळ्या मैदानात एकटा उभा दिसतो आणि 'क्ष' गर्दीत चेंगरतो. येथे पट्टी दूर ठेवून डोळ्यावर विश्वास ठेवावा. अक्षरे आधी फिकट पेन्सिलीने काढावीत, कागद भिंतीला टेकवावा, दहा-पंधरा पावले मागे जावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. जेथे काळोख दाटलेला दिसेल तेथे अक्षरे फार जवळ आली आहेत. जेथे भगदाड दिसेल तेथे ती फार दूर गेली आहेत. शब्दाच्या शेवटी जागा संपली म्हणून अखेरची दोन अक्षरे बारीक करून कोपऱ्यात कोंबलेली पत्रके शाळाशाळांतून दिसतात. ती पाहून हसू येते खरे. पण त्याच कोपऱ्यात मेळ्याची वेळ लिहिलेली असली, म्हणजे लोक मेळा उलगडल्यावर येतात!

रंगांविषयी थोडक्यात सांगतो. पांढऱ्यावर पिवळे अक्षर दुरून नाहीसे होते. पिवळ्यावर काळे अक्षर लांबूनही ठसठशीत दिसते. पेटीत बारा रंग आहेत म्हणून बारांही रंग वापरलेच पाहिजेत असा नियम नाही. दोन रंग आणि कागदाचा पांढरेपणा एवढ्यावर उत्कृष्ट काम होते. मदतकार्याच्या पत्रकाला तर काटकसर विशेष शोभते, कारण छपाईवर गेलेला प्रत्येक रुपया ज्यांच्यासाठी तो मागितला त्यांच्याकडून कमी होतो. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी निधी जमविणारी एक जागतिक संस्था १९६१ साली निघाली. तिचे बोधचिन्ह पीटर स्कॉट या चित्रकाराने व निसर्गप्रेमी गृहस्थाने रेखाटले. पांडा हा प्राणी निवडण्यामागे अनेक कारणे होती. त्यांपैकी एक असे की, तो मुळातच काळा-पांढरा असल्याने त्याचे चित्र एकाच रंगात स्वस्तात छापता येत असे.

चित्र मोठेच असले पाहिजे असेही नाही. डेन्मार्क देशातील आयनार होल्बोल या टपाल-कारकुनाला नाताळच्या पत्रांचे ढीग हाताळताना एक विचार सुचला. प्रत्येक पत्रावर टपालाच्या तिकिटाशेजारी आणखी एक इवलेसे शोभेचे तिकीट लोकांनी चिकटविले आणि त्याची किंमत क्षयरोगी मुलांसाठी दिली तर? १९०४ साली असे पहिले तिकीट निघाले आणि पहिल्याच वर्षी चाळीस लाखांहून अधिक तिकिटे खपली. पुढे १९०७ साली अमेरिकेत एमिली बिसेल या बाईंनी स्वतः तिकिटाचे चित्र काढले. क्षयरोग्यांचे एक लहानसे रुग्णालय पैशांअभावी बंद पडू नये म्हणून त्यांना तीनशे डॉलर हवे होते; मिळाले सुमारे तीन हजार. भारतात अशा तिकिटांची मोहीम १९५० साली सुरू झाली.

पडेगावच्या मुलांना आणखी जवळचे उदाहरण ठाऊक असेल. शेजारीच छावणी असल्याने सैनिकांचे येणे-जाणे त्यांच्या नित्य परिचयाचे आहे. १९४९ सालापासून ७ डिसेंबर हा दिवस ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने लोक यथाशक्ती निधी देतात आणि बदल्यात छातीवर लावावयास एक कागदी ध्वज मिळतो. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असे त्याचे तीन रंग भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे आहेत. त्यावर रणांगण नाही, जखमी सैनिक नाही, अश्रू नाहीत. तीन पट्टे आहेत, आणि ते पुरतात.

येथे आपण विषयाच्या सर्वांत अवघड भागापाशी आलो. आपल्या चार मुलांना चित्र काय काढावयाचे ते ठरवावयाचे आहे. बहुतेकांच्या मनात पहिले चित्र येते ते रडणाऱ्या मुलाचे. फाटके कपडे, विस्कटलेले केस, पुढे पसरलेला हात. असे चित्र पाहून लोकांचे मन द्रवते व खिसा सैल होतो, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या चित्रातील मुलाच्या बाजूने एकदा विचार करा. पुरात ज्याचे दप्तर गेले तो कालपर्यंत तुमच्यासारखाच शाळेत जात होता, गणितात कदाचित तुमच्याहून हुशार होता. उद्या त्याचे आईवडील कामासाठी शहरात आले आणि तो तुमच्याच वर्गात येऊन बसला, तर? शाळेच्या भिंतीवर त्याला स्वतःचे ते रूप दिसेल. पुस्तकांचा संच त्याच्या हाती पडेल, पण मान वर करून तो घेणे त्याला कठीण जाईल. म्हणून मदत मिळणाऱ्या मुलाचे नाव व छायाचित्र पत्रकावर घालू नये, आणि रेखाचित्रातही त्याला भिकारी करू नये.

मग काढावे काय? याचे एक उत्तर सात वर्षांच्या एका मुलीने देऊन ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील असंख्य गावे उजाड झाली. मुलांना अन्न व औषधे पुरविण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९४६ साली युनिसेफ ही संस्था काढली. तिची मदत चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्यातही पोहोचली. त्या गावच्या यित्का साम्कोवा हिने १९४९ साली आभारादाखल एक चित्र रंगविले. कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेवर काढले. तिने मोडकी घरे काढली नाहीत, उपाशी मुलेही काढली नाहीत. उंच खांबाभोवती फेर धरून आनंदाने नाचणाऱ्या मुली तिने काढल्या. युनिसेफने त्या चित्राचे शुभेच्छापत्र छापले. ते त्या संस्थेचे पहिले शुभेच्छापत्र. पुढे अशा पत्रांच्या विक्रीतून जगभरातील मुलांसाठी पैसा उभा राहू लागला. यित्का ही मदत देणारी नव्हती, घेणारी होती, हे ध्यानात ठेवा. आपण कसे दिसावे हे तिने स्वतः ठरविले.

तेव्हा आपल्या चार मुलांनीही वाहून गेलेल्या दप्तराऐवजी उघडलेले पुस्तक काढावे. त्यावर वाकलेली दोन डोकी काढावीत. त्यांतील कोणते आपले आणि कोणते पूरग्रस्ताचे, हे ओळखू येऊ नये. खाली ठळक अक्षरांत मेळ्याचे नाव, वार, तारीख, वेळ, जागा आणि एका संचाची किंमत.

पत्रक तयार झाले की ते लावण्याचा प्रश्न येतो. दिसेल त्या भिंतीला खळ फासू नये. परवानगीवाचून सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ सालापासून आहे. मुख्याध्यापकांची संमती घ्यावी, दुकानदारांना विचारून त्यांच्या दर्शनी काचेवर आतून पत्रक लावावे. हल्ली पैसे भरण्यासाठी पत्रकावर क्यूआर कोड छापतात. तो शाळेच्याच खात्याचा आहे याची शिक्षकांकडून खात्री करून घ्यावी आणि त्यावर दुसऱ्या कोणी आपली चिठ्ठी तर चिकटविली नाही ना, हे रोज एकदा जाऊन पाहावे.

मेळा आटोपला की दुसऱ्याच दिवशी सर्व पत्रके उतरवून घ्यावीत. ज्या ज्या जागी ती होती तेथे, विचारून, त्याच हाताच्या सुवाच्य अक्षरांत एक लहान कागद लावावा: जमा किती झाली, साहित्याचा खर्च किती झाला, किती संच घेतले, ते कोणत्या तारखेला कोणत्या शाळेत पोहोचले, आणि शिल्लक असल्यास तिचे काय केले.