गोठ्यातली फियाट आणि मुंबईची टॅक्सी

म्हसवडच्या आसपास कुणाच्या गोठ्यात जुनी फियाट पडून आहे असं कानावर आलं की मला चैन पडत नाही. कडबा बाजूला सारायचा, ताडपत्री उचलायची आणि आधी पुढचं दार कुठल्या अंगानं उघडतं ते बघायचं. दाराची बिजागरी मागच्या बाजूला असेल, तर गाडी जुन्या पिढीतली. १९५४ साली आलेल्या त्या गुबगुबीत मॉडेलला आपल्याकडे सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि हे म्हणण्यात हेटाळणीपेक्षा लाडच जास्त असे.

म्हसवडचा हा माण तालुका पावसाला पारखा. त्यामुळे कोकणात बघता बघता चाळण होणारा पत्रा इथं टिकतो. पण गोठा हा गाडीचा वैरीच. जनावरांच्या मुतातून उठणारा अमोनिया तांब्यापितळेला खातो. आणि रेडिएटर, कार्बुरेटरचे जेट, वायरींची टोकं ही सगळी त्याच धातूंची. उरलेलं काम उंदीर करतात. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि तळाशी राळेसारखा चिकटा राहतो. अशा गाडीला हौशी नातवानं नवी बॅटरी लावून स्टार्टर मारणं हा पहिला गुन्हा. जाणता फिटर आधी प्लग काढतो, सिलिंडरांत तेल सोडतो, ते मुरू देतो आणि मग हँडलनं हलक्या हातानं इंजिन फिरतं का बघतो. जाम पिस्टनला जोर लावला की रिंगा तुटतात आणि शेकड्यांतलं काम हजारांत जातं. शिवाय इंजिन सुरू करण्याआधी मास्टर सिलिंडर आणि चारी चाकांचे ब्रेक खोलायचे. चालू न होणारी गाडी परवडली, न थांबणारी नाही.

१०८९ सीसीच्या या इंजिनाला कॉम्प्युटर लागत नाही. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, एक बरा लेथवाला, एवढ्यावर सांगली-कोल्हापूरकडचा कुठलाही जुना मिस्त्री ते उभं करतो. अडतं ते सुट्या भागांपाशी. आणि इथंच माझा जुना समज गळून पडला. या गाड्या मालकांच्या मायेनं टिकल्या असं मला वाटे. टिकल्या त्या मुंबईच्या टॅक्सीमुळे.

ही फियाट बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांची कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून धावती सांगतो. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास सोलापूरचा हा माणूस अमेरिकेत मोटारवाल्यांची दारं ठोठावून आला. क्रायस्लरशी जमलं, पण इंग्रज सरकारनं कारखान्याला साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कुर्ल्यात कारखाना आला. वालचंद १९५३ मध्ये गेले. १९५४ ची ही फियाट त्यांनी पाहिलीच नाही. १९६४ साली डिलाइट आली, १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी झाली. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. घरच्या गाडीत आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीत इंजिन एकच, ब्रेक एकच, दाराची मूठसुद्धा एकच. टॅक्सी दिवसरात्र झिजायची, म्हणून तिचे भाग सतत घडत राहिले आणि तेच भाग म्हसवडपर्यंत पोचले.

रस्त्यावर गाड्यांची अशी मोठी संख्या नसली की काय होतं, ते आपल्या शेजारीच घडलं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये स्वतःच्या डोक्यानं छोटी मोटार बनवली. पुढं वीसेक वर्षं तिच्या एकामागून एक आवृत्त्या काढल्या. इंजिन मागं, स्प्रिंगांच्या जागी रबर, आणि किंमत साधारण बारा हजार ठेवायचा मनसुबा. नाव ‘मीरा’. गाड्या रस्त्यावर धावल्या, बघ्यांची वाहवा मिळाली. कारखाना मात्र झाला नाही. लायसन्सराजमध्ये कल्पक माणसाला दिल्लीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत आणि पायऱ्याच जिंकत. मला शंकररावांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या चिकाटीचं नवल वाटतं. पण गोठ्यात मीरा सापडली, तर तिचा प्रत्येक तुकडा नव्यानं घडवावा लागेल. बाजारात तिचा एकही खिळा मिळणार नाही.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी आठवणींचे रकाने भरले. गोठ्यातल्या फियाटच्या सुट्या भागांचा झराच आटला, हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

सरकारनं दरम्यान एक दार उघडलं आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला ५ हजार, आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे १९७४ ची पद्मिनी आता या मानाला पात्र झाली, पण म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना एसटी स्टँडवरून आणायला ती नेता येणार नाही. मला हा मान शिक्षेसारखा वाटतो.

त्याआधी घरचा तिढा सुटायला हवा. आरसी बुकावर आजोबांचं नाव. गाडी वारसाच्या नावावर करायची तर ३१ नंबरचा फॉर्म, आणि भाऊबंदांची संमती. गाडी जाम असते तोवर ती भंगार असते. सायलेन्सरमधून पहिला धूर निघाला की ती सगळ्यांची आजोबांची आठवण होते. म्हणून माझा सल्ला सोपा आहे: आधी सह्या घ्या, मग स्पॅनर उचला.

आणि सोबत दुसरी फियाट शोधा, पत्रा सडलेली, नावापुरती. तिचा डिस्ट्रिब्यूटर, तिचं स्टिअरिंगला जोडलेलं गिअरचं जुगाड, तिच्या काचा काढून घ्या. शुद्धतेचे आग्रही याला विटंबना म्हणतात. म्हणोत. टॅक्सी गेल्यावर एक फियाट चालवायची तर दुसरी मोडावीच लागणार, आणि कुठली मोडायची हे आपण ठरवलं नाही, तर भंगारवाला दोन्ही नेईल.