एकट्याचं अडलं पाहिजे!

१९७८ साली अटारी कंपनीने ‘फायर ट्रक’ नावाचा आर्केड गेम बाजारात आणला. त्याच्या यंत्रावर पुढे बसणारा खेळाडू आगीच्या बंबाचं तोंड सांभाळी. त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या हाती दुसरं स्टिअरिंग असे, बंबाचं लांबलचक शेपूट वळवण्यासाठी. पुढच्याने वळण घेतलं आणि मागच्याने वेळेवर चाक फिरवलं नाही, की शेपूट रस्त्याकडेला आदळलंच. ‘पाँग’सारख्या लोकप्रिय गेममध्ये समोरच्याला हरवायचं असे, इथे मात्र दोघं जिंकणार ते मिळून आणि आपटणार तेही मिळून.

अशा खेळांना गेमर मंडळी आज ‘को-ऑप’ म्हणतात. स्टॉकहोमच्या हेझलाइट स्टुडिओचा ‘इट टेक्स टू’ एकट्याने खेळताच येत नाही, तरीही २०२१च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून त्याचीच निवड झाली. दुसरीकडे असेही पुष्कळ खेळ आहेत, ज्यांत दुसरा कंट्रोलर जोडता येतो, पण तो हातात घेणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. पहिला पटाईत खेळाडू पुढे धावतो आणि दुसरा त्याच्या मागे फरपटतो. एकाच पडद्यावर, एकाच ध्येयासाठी खेळूनही सहकार्य होत नाही, ते का?

याचं उत्तर मानसशास्त्रात जुनं आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. गट जसा मोठा होत गेला, तसा माणशी जोर घटत गेला. आठ जणांच्या गटात तो एकट्याने लावलेल्या जोराच्या निम्म्यावर आला. यातला काही तोटा सगळ्यांचे हिसके एका वेळी न बसल्यामुळे होता, पण सगळा नव्हे. १९७९ साली बिब लाटाने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग करून दाखवलं, की आपला आवाज गर्दीत मिसळणार हे कळलं की माणूस मुळात कमीच ओरडतो. आपल्यावाचून अडत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक असतं.

म्हणून को-ऑप डिझायनरचं पहिलं काम असतं, प्रत्येकावाचून काहीतरी अडवून ठेवणं. याचा सरळ मार्ग म्हणजे क्षमतांची वाटणी. ‘इट टेक्स टू’च्या सुरुवातीच्या भागात कोडी या नायकाला खिळे मिळतात आणि मे या नायिकेला हातोडा. त्याने भिंतीत खिळा मारावा, तिने हातोडा त्यात अडकवून झोका घ्यावा आणि पलीकडे जाऊन त्याची वाट मोकळी करावी. पुढच्या टप्प्यांत ही अवजारं बदलत राहतात, त्यामुळे एकजण कायमचा उस्ताद आणि दुसरा कायमचा हरकाम्या होत नाही.

दुसरा मार्ग जास्त चतुर आहे, माहितीची वाटणी. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ या २०१५च्या खेळात एकाला बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा हे त्याला माहीत नसतं. बाकीच्यांकडे माहितीपुस्तिका असते, पण त्यांना बॉम्ब दिसत नाही. वेळ संपत असताना एखादं विचित्र चिन्ह शब्दांत सांगायचं असतं. हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जोड्यांना असंच काम दिलं होतं. एकाने टॅनग्रामच्या आकृत्यांचं वर्णन करायचं, दुसऱ्याने ऐकून त्या लावायच्या. पहिल्या फेरीत एका आकृतीला सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत ८ पुरले. दोघांची खास परिभाषा तयार झाली होती. बॉम्बच्या खेळातली मजाही हीच. बॉम्बची कोडी बदलत राहतात, हळूहळू जमते ती जोडीची भाषा.

माहिती लपवल्याने आणखी एक दुखणं बरं होतं. ‘पँडेमिक’ या मॅट लीकॉक यांच्या गाजलेल्या बोर्ड गेममध्ये सगळे मिळून साथरोगांशी लढतात, पण पट सगळ्यांसमोर उघडा असतो. मग टेबलावरचा एखादा हुशार गडी सगळ्यांच्या खेळी स्वतःच ठरवू लागतो आणि इतर नुसती प्यादी हलवतात. स्वयंपाकाच्या ‘ओव्हरकुक्ड’ या खेळाने यावर घाईचा उतारा काढला. चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं हे सगळं एकाच वेळी चालू असताना दुसऱ्यावर हुकूम सोडायला फुरसत कुणाला? त्यातूनही कामांची घडी बसू लागली, की स्वयंपाकघरच दुभंगतं. रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकांवर ओटे मांडलेले असतात आणि ट्रक मधूनच लांब जातात. ठरवलेली वाटणी मोडते, नवी करावी लागते.

मदतीचा हिशेबही नेमका असावा लागतो. ‘लेफ्ट फोर डेड’ या खेळात ‘स्मोकर’ नावाच्या झॉम्बीची जीभ गळ्याभोवती पडली, की बहुधा साथीदारच सोडवू शकतो. कळपातून फुटून पुढे गेलेला त्यामुळे हमखास सापडतो. ‘एकत्र राहा’ अशी पाटी लावण्याची गरजच पडत नाही. ‘बीजीएमआय’ हा मोबाइल गेम खेळणाऱ्यांनाही हा हिशेब ठाऊक असतो. पडलेल्या साथीदाराला उठवायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात वाचवणाराही उघड्यावर असतो. मदत फुकट असती तर तिची किंमत राहिली नसती. फार महाग असती तर कुणी केली नसती.

तरी बिघाड कुठून शिरेल सांगता येत नाही. जेनोव्हा चेन यांच्या चमूने ‘जर्नी’ (२०१२) घडवताना हे अनुभवलं. वाळवंटात दोन अनोळखी प्रवासी भेटावेत आणि त्यांच्यात जवळीक व्हावी, असा बेत होता. सुरुवातीच्या नमुन्यात प्रवाशांची शरीरं एकमेकांना अडत, म्हणजेच ढकलता येत. खेळाडूंनी एकमेकांना खड्ड्यात ढकलून पाहिलं, कारण काहीतरी ‘घडत’ होतं ते त्यातूनच. चमूने ढकलण्याची सोय काढून टाकली आणि स्पर्शाला नवा अर्थ दिला. जवळ आलं की दोघांचेही स्कार्फ उजळतात आणि उडण्याची शक्ती भरून येते. संवादासाठी फक्त एक सूर, ना शब्द ना नावं. माणसं तीच, त्यांचा स्वभावही तोच. एक नियम बदलला आणि धक्काबुक्कीची सोबत झाली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांनाही या खेळांनी एक धडा दिला. बर्कलेच्या संशोधकांनी २०१९ साली ‘ओव्हरकुक्ड’ची सोपी आवृत्ती बनवली. कांद्याचं सूप शिजवायचं आणि वाढायचं. स्वतःच्याच प्रतिकृतीबरोबर सराव केलेला प्रोग्राम त्या प्रतिकृतीसोबत झकास खेळला. माणसासोबत मात्र त्याची गाडी अडली, कारण साथीदारही आपल्यासारखाच बिनचूक चालेल असं त्याने गृहीत धरलं होतं. माणसांच्या खेळण्यावरून बेतलेल्या साथीदारासोबत शिकवलेला प्रोग्राम माणसांशी जास्त चांगला जुळला. एकट्याचं कौशल्य आणि जोडीदाराला ओळखून खेळण्याचं कौशल्य, ही दोन वेगळी गणितं आहेत.

गंमत म्हणजे या डिझायनरांचं मुख्य सूत्र वर्गात आधीच वापरून झालं होतं. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि तणाव वाढला होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा तर नावडत्या मुलाचंही नीट ऐकणं भाग होतं. पूर्वग्रहांवर व्याख्यान न देता मुलांमधलं वैर कमी झालं.

आपल्याकडे शाळा-कॉलेजांत चौघांचा ‘ग्रुप प्रोजेक्ट’ बहुधा एकटाच पूर्ण करतो आणि नावं चौघांची लागतात. असा प्रोजेक्ट देणाऱ्या शिक्षकांनी गेम डिझायनरची कसोटी लावून पाहावी. एकेकाला मनातल्या मनात वजा करायचं आणि काम अडतं का ते बघायचं. अडत नसेल, तर त्या मुलाला आळशी ठरवण्याआधी कामाची वाटणी बदलावी.