खिडकी बदलताना

पावसाळ्यात लाकूड फुगते, झडप चौकटीत बसत नाही, कोठे वाळवी लागते. मग घरात खिडकी बदलण्याचा विषय निघतो. चर्चा बहुधा किमतीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वास्तविक पहिला प्रश्न निराळा आहे: नवी खिडकी उघडणार किती?

बिजागरीची झडपे पूर्ण उघडतात. दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीत एक तावदान दुसऱ्यामागे जाते. निम्मी जागा नेहमी बंदच राहते. राष्ट्रीय इमारत संहितेने (२०१६) उष्ण-दमट हवामानात खिडक्या-झरोक्यांसाठी खोलीच्या क्षेत्रफळाचा किमान एक-षष्ठांश भाग सांगितला आहे. १२ × १० फुटांच्या खोलीला म्हणजे २० चौरस फूट. तेथे ५ × ४ फुटांची सरकती खिडकी बसवली, तर हिशेब कागदावर जुळतो. वारा मात्र फार तर १० चौरस फुटांतून येतो. अरुंद गॅलरीकडे उघडणाऱ्या खोलीत सरकती खिडकी सोयीची, हेही खरे.

ॲल्युमिनियम फुगत नाही, पण उन्हाने तापते. यूपीव्हीसीतून उष्णता कमी वाहते. चौकट शाबूत असेल, तर सुताराकडून नुसती झडप रंधून घेतली तरी पुष्कळदा भागते.

शेवटी, खिडकी ठरवताना पैसे देणाऱ्याइतकेच दिवसभर स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईलाही विचारावे. वारा कोठून येतो, धूर कोठे कोंडतो आणि पावसाची झड कोणत्या भिंतीला लागते, हे तिला अनुभवाने ठाऊक असते.