गुडघ्यातली कूर्चा पुन्हा तयार करता येते का?

हाड मोडले की तेथे रक्त साकळते, त्या गाठीत पेशी जमतात, आधी मऊ आणि मग टणक जोड तयार होतो. काही महिन्यांनी हाड नेमके कोठे मोडले होते, हे एक्स-रेमध्येही शोधावे लागते. शरीरातल्या फार थोड्या भागांना वण न ठेवता असे भरून येणे जमते. पण त्याच हाडाच्या टोकावर दोन ते चार मिलिमीटर जाडीची, पांढरी गुळगुळीत कूर्चा असते. ‘गादी झिजली’ असे डॉक्टर म्हणतात ती हीच. ती एकदा फाटली की फाटलीच. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडले होते आणि पुढची दोनशे वर्षे त्यात कोणालाही फारसा बदल करता आला नाही.

याचे कारण कूर्चेच्या घडणीत आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. पेशींनी व्यापलेली जागा एक ते पाच टक्केच, बाकी सारे पाणी, कोलॅजेनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारी मोठी रेणुसंयुगे. आपण चालतो तेव्हा पडणाऱ्या दाबाने सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि तेवढ्यावर या पेशी जगतात. जखम झाली तरी रक्त येत नाही, त्यामुळे दुरुस्तीची सुरुवातच होत नाही. वेदनाही कूर्चेची नसते. दुखू लागते तेव्हा बहुतेकदा खालचे हाड किंवा सांध्याचे अस्तर तक्रार करत असते आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

मग रक्त तेथपर्यंत आणावे, हा विचार पुढे आला. अमेरिकेतले शल्यचिकित्सक रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात कूर्चा गेलेल्या जागी हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतराने बारीक छिद्रे पाडण्याची पद्धत रूढ केली. मज्जेतल्या पेशी वर येतात आणि खड्डा भरतो. पण भरतो तो वेगळ्याच तंतुमय कूर्चेने. ती मूळ कूर्चेइतकी दाब सोसणारी नसते आणि काही वर्षांत झिजू लागते.

खरे वळण आले स्वीडनमधल्या गोथेनबर्गला. तेथील ब्रिटबर्ग, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये रुग्णाच्याच गुडघ्याच्या कडेची, वजन न पडणारी थोडी कूर्चा काढली, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि खड्ड्यात परत सोडल्या. वरून नडगीच्या हाडाचे पातळ आवरण शिवून टाकले. १९९४ मध्ये त्यांनी २३ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडाच्या टोकावर इलाज झालेल्या १६ पैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण होता. गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला मात्र सातांपैकी दोघांनाच. त्यांनी दोन्ही आकडे तितक्याच स्पष्टपणे छापले, म्हणून या शोधनिबंधाबद्दल मला विशेष आदर वाटतो.

एक अडचण मात्र उरलीच. कूर्चेची पेशी सपाट बशीत वाढवली की ती पसरते, चपटी होते आणि कूर्चेचे खास कोलॅजेन बनवणे सोडून देते. तिला पुन्हा वळणावर आणायला त्रिमितीय आधार लागतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात इव्हान मार्टिन यांच्या गटाने यावर काढलेला तोडगा ऐकून प्रथम विश्वास बसत नाही. त्यांनी पेशी घेतल्या नाकाच्या पडद्यातून! भुलेचे इंजेक्शन देऊन सहा मिलिमीटरचा तुकडा काढायचा, पेशी दोन आठवडे वाढवायच्या आणि आणखी दोन आठवडे कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर मुरू द्यायच्या. सुमारे ३० बाय ४० मिलिमीटरची जिवंत कूर्चा तयार होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती खड्ड्याच्या मापाने कापून बसवतात. नाकातली पेशी गुडघ्यात कशी रुळेल, ही शंका त्यांनी आधी शेळ्यांवर तपासली. ती तेथे रुळलीच, शिवाय तिने भोवतालच्या सांध्याशी जुळवूनही घेतले. २०१६ मध्ये पहिल्या दहा रुग्णांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचार सुरक्षित ठरला, वेदना कमी झाल्या. अर्थात दहा रुग्णांवरून फार पुढचे बोलता येत नाही.

हे सारे पंचावन्नच्या आतल्या, खेळताना वा अपघातात गुडघा दुखावलेल्या माणसांसाठी आहे. आपल्याकडे घरोघरी असतो तो संधिवात. रस्त्यात एक खड्डा पडणे वेगळे आणि खालचा भरावच खचणे वेगळे. संधिवातात कूर्चा, हाड, अस्तर, सगळेच बिघडलेले असते. तरी ‘मूळपेशींचे इंजेक्शन घ्या, शस्त्रक्रिया टळेल’ अशा जाहिराती शहरोशहरी दिसतात आणि निवृत्तीचे पैसे मोडून लोक ती घेतात. अमेरिकेत पावणेपाचशे रुग्णांवर झालेल्या चाचणीत मज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली गेली. ‘नेचर मेडिसिन’मध्ये २०२३ साली निकाल आला. वर्षभरानंतर एकही पेशी-उपचार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नव्हता.

म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे लक्षात ठेवावीत. काही रक्तविकारांसाठीचे रोपण वगळता मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे ती सांगतात. त्यानंतर औषध महानियंत्रकांनी मोजक्या पेशी-उत्पादनांना मंजुरी दिली आहे, पण ती त्या उत्पादनापुरतीच आहे, कोणीही भरलेल्या सिरिंजला नाही. इंजेक्शन सुचवले गेले तर मंजुरीचा कागद किंवा चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागा. चाचणी असेल तर संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारता येत नाही, हेही विसरू नका. मंजुरीचा कागद आणि नोंदणी क्रमांक यांपैकी काहीच मिळाले नाही तर पैसे भरू नका. वजन उतरवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे याने दुखणे कमी होते, याचा पुरावा आज त्या इंजेक्शनांपेक्षा कितीतरी भक्कम आहे.