रंगाऱ्यांच्या गावातली खादी

चाकोरीबाहेरच्या डिझायनरांचा इतिहास आपल्याकडे सहसा मुंबईच्या रॅम्पपासून सुरू होतो. आधी बुटिक आली, मग २००० सालापासून फॅशन वीक सुरू झाले, आणि त्या झगमगाटाला विटून काहीजण हातमागाकडे वळले, असा तो क्रम सांगितला जातो. मला हा क्रम अर्धवट वाटतो. बाजाराच्या बाहेर राहून कापड घडवायचे ठरवले, तर मोबदला कोणाच्या पदरात पडतो, ते कापड अंगावर घालणारा कोण, आणि त्याचे वेगळेपण किती दिवस टिकते, हे तिन्ही प्रश्न डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातल्या फैजपूरला उभे राहिले होते. पुढच्या नव्वद वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांचा जमाखर्च याच तीन प्रश्नांवर मांडता येतो.

फैजपूर कापडाला नवखे नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले इम्पीरियल गॅझेटियर या गावाची ओळख छापील सुती कापडाचे, गडद निळ्या आणि लाल रंगाचे गाव अशी करून देते. रंगाऱ्यांच्या सुमारे अडीचशे घरांची नोंदही त्यात आहे. खानदेशात लाल रंग मिळे तो आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून. कापड तेलात आणि खाराच्या पाण्यात पुन्हा पुन्हा मुरवायचे, उन्हात वाळवायचे, मग तुरटी लावून मुळांच्या भुकटीत उकळायचे. घाई केली की रंग धुण्यात निघून जाई. १८६९ मध्ये अलिझरीन हा लाल रंग कारखान्यात बनवण्याची कृती युरोपात सापडली, १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि दिवसचे दिवस चालणारे काम पुडीतल्या रंगाने काही तासांवर आणून ठेवले. त्यात अमळनेरच्या प्रताप मिलसारख्या गिरण्या खानदेशातच उभ्या राहिल्या. रंगाऱ्यांच्या धंद्यावर कुणी बंदी घातली नाही. तो स्वस्ताईपुढे बसला. मुख्य प्रवाह तो हाच, आणि त्याच्या बाहेर राहणे म्हणजे काय याचे मोजमापही इथूनच घ्यायला हवे.

काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला या गावी भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शंकरराव देव आणि खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते पेलले. अधिवेशनासाठी वसवलेले टिळकनगर सजवण्यासाठी गांधींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार, बांधकाम आपले काम नव्हे, असा संकोच त्यांना होता. गांधींची अट एवढीच होती की सामान जवळपासचे आणि हात गावातले असावेत. बांबूच्या कमानी उभ्या राहिल्या आणि खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन मांडले गेले. गांधींना ते करमणुकीसाठी नको होते, शिकण्याची जागा म्हणून हवे होते. राजकारणाच्या इतिहासात फैजपूर शेतीविषयक ठरावासाठी आठवले जाते. कापडाच्या इतिहासात त्याची आठवण व्हायला हवी ती वेगळ्या कारणाने: जाडेभरडे, गाठी असलेले सूत हा दोष न मानता तेच सौंदर्य म्हणून नामवंत कलावंताच्या हातून मांडले गेले. १९८१ मध्ये जपानी डिझायनर रेई कावाकुबो आणि योजी यामामोटो यांनी पॅरिसमध्ये काळे, विस्कटलेले, मापाबाहेरचे कपडे दाखवले तेव्हा जगाला धक्का बसला. गुळगुळीत म्हणजेच सुंदर, हे समीकरण त्यांनी मोडले. ते आमच्याकडे पंचेचाळीस वर्षे आधी मोडले होते, म्हणून फुशारकी मारायचे कारण नाही. दोघांचे हेतू निराळे होते. पण डोळ्यांना वळण लावण्याचा उद्योग तोच.

यावर पहिला आक्षेप येईल की खादी हा राजकीय पेहराव होता, त्याला फॅशन कशाला म्हणायचे. आक्षेप खोटा नाही. नवी फॅशन माणसाला वेगळे दाखवते आणि खादीला सगळ्यांना एकसारखे दाखवायचे होते. शिवाय १९३४ मध्येच काँग्रेसच्या घटनेत पदाधिकाऱ्याने नित्य खादी वापरावी अशी अट आली होती, म्हणजे फैजपूरच्या आधीच ती गणवेशाच्या वाटेला लागली होती. मला मात्र हा आक्षेप माझ्या मुद्द्याचा पुरावा वाटतो. आधी बंडाचे कापड, मग पदाची अट, शेवटी पुढाऱ्याचा कडक इस्त्रीचा पोशाख, असा खादीचा उतार झाला. १९५७ पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोग आला, सूट आली, दुकाने वाढली, पुढे पॉलिस्टर मिसळलेले पॉलिवस्त्रही त्याच छत्राखाली आले. कापड खपले, त्याचे टोक मात्र बोथट झाले. रूढ झाल्यामुळे खादीचे जेवढे नुकसान झाले, तेवढे बाजाराने केले नसावे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची खूण ठरलेले दागिने टाकायला सांगितले. त्यांचा स्वतःचा सूट-बूटही याच विचाराचा. ज्यांना चांगले कापड पिढ्यान्पिढ्या नाकारले गेले, त्यांना साधेपणाची दीक्षा देणे म्हणजे थट्टाच. अशा माणसाने सर्वमान्य पोशाख अंगावर घालणे हेच त्या काळातले बंड होते. हे मान्य केले की चाकोरीबाहेर असणे म्हणजे ओबडधोबड कापड घालणे, ही सोपी व्याख्या कोसळते. चाकोरी कोणाची, हे आधी विचारावे लागते. आजचे कित्येक डिझायनर हा प्रश्न टाळतात आणि गरिबीच्या पोताला सौंदर्य म्हणून विकतात. त्यांना फैजपूर आठवते, महाड आठवत नाही.

मोबदल्याच्या बाबतीत मात्र फैजपूरच्या पिढीचे पारडे जड आहे. १९३५ मध्ये चरखा संघाने सूत कातणारीला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व स्वीकारले, मजुरी वाढवली, आणि त्यामुळे खादी महागणार हे ठाऊक असून वाढवली. किंमत वाढली की खप घटतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. तरी घटू दिला. नंतरच्या प्रयोगांना मी याच पट्टीने तोलतो. अहमदाबादच्या आशा साराभाई यांनी जपानी डिझायनर इस्सी मियाके यांच्यासोबत ऐंशीच्या दशकात हाताने शिवलेले, बिनगाजावाजाचे कपडे केले. गोव्यात डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी कुणबी साडीची लाल चौकडी पुन्हा मागावर आणली, कोलवाळला पोशाखांच्या संग्रहालयाचा घाट घातला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १२ फेब्रुवारी २०२० रोजी ते गेले. त्यांचे काम मोठे, पण त्यातली अडचण झाकू नये: ज्या कुणबी बायकांच्या नावाची ती साडी, त्यांच्या अंगावर तोवर गिरणीचे कापड आले होते आणि डिझायनरची साडी त्यांच्यासाठी नव्हतीच. विदिशाहून मुंबईत आलेल्या वैशाली शडांगुळे जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात पोहोचल्या, खणासारखे देशी विणकाम बरोबर घेऊन. तिकडे वर्ध्याचे मगन संग्रहालय, १९३८ मध्ये गांधींच्या हस्ते उघडलेले, सेंद्रिय कापूस आणि वनस्पतिजन्य रंगांची खादी अजून करते. त्याच्या दारात छायाचित्रकार गर्दी करत नाहीत, पण शेतकरी, कातणारी, रंगवणारा आणि विणकर एका साखळीत ठेवण्याचे अवघड काम तिथेच चालते. प्रयोगशील म्हणायचे तर मी आधी वर्ध्याला म्हणेन.

तिसरा आक्षेप नेहमीचा: हे सगळे श्रीमंतांचे चोचले. हाताने केलेले कापड महाग असणारच, त्याला इलाज नाही, आणि ते सगळ्यांनी घालावे असा आग्रहही नको. प्रश्न एवढाच की वाढीव किंमत कुठे मुरते: विणकराच्या घरात, की दुकानाच्या काचेत. खानदेशापुरते बोलायचे तर कच्चा माल दारात आहे. जळगावचा कापूस आहे, यावल-रावेरच्या केळीबागा आहेत, घड उतरल्यावर टाकून दिले जाणारे खांब आहेत. जपानच्या ओकिनावात, किजोका गावी केळीच्याच कुळातल्या झाडाच्या धाग्यापासून बाशोफू हे कापड विणतात; ते टिकवणाऱ्या तोशिको ताइरा यांना २००० मध्ये जपान सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. फैजपूरपासून जवळच, खिरोद्याला, ललित कलांचे महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आलीची मुळे, केळीचा धागा आणि गॅझेटियरमधली ती नोंद एकत्र मांडून बघावी. आणि शहरात कुणी ‘हातमागाचे, मर्यादित आवृत्तीतले’ म्हणून कापड पुढे केले, तर आपण गिऱ्हाइकांनी पोत चाचपण्याआधी विणणाऱ्याला मीटरमागे किती मिळाले ते विचारावे.