तिनोला : हिंगोलीच्या बाजारातून फिलिपिन्सचे सूप

तिनोला हे फिलिपिन्समधील घरोघरी होणारे कोंबडीचे पातळ सूप. होसे रिझाल यांच्या ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) या कादंबरीतही ते जेवणाच्या टेबलावर येते.

मूळ साहित्य असे: कोंबडी, आले, लसूण, कांदा, कच्ची पपई, शेवग्याची किंवा मिरचीची पाने आणि ‘पातिस’. यातील पातिस सोडले, तर बाकी सगळे हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात किंवा परसात मिळते. पपई नसेल तर दुधी भोपळा चालतो.

पातिस म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला खारट रस. त्याऐवजी दोन चमचे सुकट निवडून कोरडी भाजावी, कपभर पाण्यात उकळून गाळावी आणि ते पाणी वापरावे. मीठ शेवटी, चव पाहून घालावे.

एक किलो कोंबडीला दोन इंच आले लागते. ते किसू नये, बारीक उभे चिरावे. थोड्या तेलात कांदा, लसूण, आले परतून कोंबडी घालावी. नंतर सुकटीचे पाणी आणि तांदळाचे दुसरे धुवण मिळून सहा कप ओतावे. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजते. गावरान कोंबडीला तासभर किंवा कुकर लागतो.

मांस शिजत आले की पपईच्या फोडी घालाव्यात. त्या मऊ झाल्यावर दोन मुठी शेवग्याची पाने टाकून दोन मिनिटांत आच बंद करावी.

वसमतची हळद कितीही नावाजलेली असली, तरी तिनोलात हळद, तिखट किंवा काळा मसाला पडत नाही. रस्सा फिकट, पातळच राहतो आणि गरम भाताबरोबर वाढतात.