हाताला विद्येची जोड

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातले गाव. तालुका महागाव. या गावात शेख इस्माईल नावाचा तरुण होता. लोक त्याला मुन्ना म्हणत. आठवीत त्याची शाळा सुटली. तो पत्र्याची आणि वेल्डिंगची कामे करू लागला. कपाटे, कूलर अशा वस्तू तो हाताने बनवी.

त्याच्या मनाने मोठी झेप घेतली. आपण हेलिकॉप्टर बनवायचे! यूट्यूबवर पाहून त्याने माहिती मिळवली. दोन वर्षे तो खपला. मारुती मोटारीचे इंजिन बसवून त्याने एका माणसाचे हेलिकॉप्टर उभे केले.

१० ऑगस्ट २०२१ च्या रात्री त्याने चाचणीसाठी इंजिन चालू केले. तो आत बसला होता. हेलिकॉप्टर जमिनीवरच होते. एकाएकी मागच्या पंख्याचे पाते तुटले आणि वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले. त्याचा जबर मार इस्माईलला बसला. त्यातच तो गेला.

कोणी म्हणेल, "कशाला हवा होता हा उद्योग?" मंडळी, असे म्हणू नका. असे हात म्हणजे गावाचे धन. पण हाताला विद्येची जोड हवी. ती कशी, ते पाहू.

तुम्ही गोफण फिरवली असेल. गोफण जोरात फिरवली की दगड हाताला बाहेर ओढतो. पंख्याचे पातेही असेच बाहेर ओढले जाते. वेग दुप्पट झाला, तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते! वेग तिप्पट झाला, तर ओढ नऊपट. म्हणून हळू फिरताना मजबूत दिसणारे पाते वेगात तुटू शकते. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला हिशेब लागतो.

आता दुसरी बाजू बघा. बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव बसवतो. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. मग ती तापवतो. तापली की ती वाढते आणि चाकावर चढते. वरून पाणी ओतले की आकसते आणि घट्ट बसते. शाळेतला मुलगा "उष्णतेने धातू प्रसरण पावतो" असे घोकतो. पण त्याने लोहाराचा भाता पाहिलेला नसतो. लोहाराला काम येते, पण त्यामागचा नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. दोघांचेही ज्ञान अर्धेच राहते.

अमेरिकेतले राईट बंधू सायकली बनवत आणि दुरुस्त करत. कॉलेजात ते गेले नव्हते. पण त्यांनी घाई केली नाही. १९०० साली त्यांनी आपले यंत्र दोरीने बांधून पतंगासारखे उडवले. पुढे पंखांचे लहान नमुने करून ते वाऱ्याच्या झोतात तपासले. प्रत्येक वेळी मोजमाप लिहून ठेवले. इंजिन बसवले ते शेवटी. १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचे विमान उडाले. आधी लहान नमुना, मग मोठे यंत्र. आधी यंत्र एकटे चालवायचे, माणूस दूर. ही कारागिराची खरी शिस्त.

ही शिस्त शिकवणाऱ्या जागा आपल्याकडे आहेत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कालबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली 'विज्ञान आश्रम' काढला. शाळा सुटलेली मुलेही तिथे येतात. वेल्डिंग, वीज, बांधकाम, शेती ही कामे हाताने करत करत शिकतात. नकाशा काढतात, खर्चाचा अंदाज करतात. त्यातूनच गणित आणि विज्ञान कळत जाते. सरकारी आयटीआयही आहेत. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, वीजकामाचा दोन वर्षांचा.

तुमच्या घरचा पोरगा सायकल खोलतो, मोटरपंप उघडून बघतो? त्याच्यावर ओरडू नका. आधी वीज बंद करायला शिकवा. वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे काळी काच धरायला लावा. जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा. मुलगी असली तरी हेच करा. शाळेतल्या गुरुजींनाही विनंती करा, की मुलांना महिन्यातून एकदा लोहाराच्या आणि सुताराच्या कामावर न्या.

हात चालला पाहिजे, डोके चालले पाहिजे आणि कारागीर संध्याकाळी सुखरूप घरी आला पाहिजे.